लॅपटॉपचं हळदीकुंकू

गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते. देखभाल-दुरुस्तीसाठी म्हणून सकाळी नऊला जाते आणि तिच्या मनात आलं तर दुपारी येते. माले गावात सून म्हणून येऊन मला बावीस वर्षं झाली, त्यामुळे गुरुवारी दळण टाकायचं नाही, इस्त्री काढायची नाही, हे मला झोपेतही ठाऊक असतं. तरी एका गुरुवारी, भाताची झोडणी उरकून घर जरा मोकळं झालं म्हणून, मी सकाळी लॅपटॉप उघडून बसले. त्याने ‘अपडेट चालू आहे, बंद करू नका’ असं बजावलं. मी म्हटलं कर बाबा, आणि चहा ठेवायला उठले. चहाला उकळी यायच्या आत लाईट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीने केव्हाच मान टाकलेली होती. वायरीत वीज असेतोवर तो जिवंत.

दुपारी लाईट आली तेव्हा तो सुरू झाला, पण नुसताच. निळा पडदा, त्यावर रडका चेहरा, आणि पुन्हा बंद. पुन्हा सुरू, पुन्हा निळा. सात-आठ वेळा असंच झालं, आणि माझा प्रकल्प त्यात होता, तो सोमवारी द्यायचा होता.

मी बाहेरून बी.ए. करत होते. बारावीनंतर लग्न झालं, मग दोन मुलं, मग भात, म्हैस, पुन्हा भात. मुलगी हॉस्टेलला गेल्यावर चाळिशीला टेकता टेकता मी फॉर्म भरला, तेव्हा वाडीतल्या बायकांनी ‘आता काय कलेक्टर व्हतीस काय?’ असं विचारून घेतलं. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असतो. बाकीच्यांनी पर्यावरण घेतलं, कुणी बचत गट घेतला. मी आमच्या गावातल्या शेतांची नावं घेतली.

सातबाऱ्यावर शेताला नुसता गट नंबर असतो. पण नंबरात कुणी भात लावत नाही. लोक भांडणखाचरात लावतात, दुधखाचरात लावतात, आंधळीच्या शेतात, सवतीच्या टेपाडावर, वाघजाळीत. अशी एकशे तेरा नावं मी दोन वर्षं फिरून गोळा केली. प्रत्येक नावामागची गोष्ट, आणि ती सांगणाऱ्याचं नाव. भांडणखाचरावरून दोन भाऊ नाही, दोन जावा भांडल्या होत्या, हे मी चौघांकडून पक्कं करून घेतलं. डोंगरावरच्या पाड्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी एकट्याने एकतीस नावं सांगितली. एक दिवसाची मजुरी सोडून ते माझ्याबरोबर बांधाबांधाने चालले, आणि ‘लिव्हलं का? बग, लिव्ह नीट’ असं दर नावाला म्हणाले. पुढच्या आषाढात ते गेले. त्यांच्या मुलांना त्यातली चार-पाच नावं येतात, बाकीची आता कुणाच्याच तोंडात नाहीत.

हाताने लिहिलेल्या वह्या होत्या. टाईप झाल्यावर मी त्या माळ्यावर टाकल्या, वरचा पत्रा गळला आणि मुळशीच्या पावसाने त्यांचा लगदा केला. प्रिंट शुक्रवारी पौडला जाऊन काढणार होते. म्हणजे बासष्ट पानं आणि एकशे तेरा नावं फक्त त्या एका डब्यात होती, आणि डबा माझ्याकडे बघून रडत होता.

लॅपटॉप माझ्या दिराचा जुना. तो बावधनला राहतो आणि हिंजवडीला कामाला जातो. देताना त्याने एक सीडीही दिली होती. ‘वहिनी, कधी अगदीच बंद पडला तर ही टाकायची, नव्यासारखा होतो.’ मी कपाटातून ती सीडी आणली आणि लॅपटॉपच्या कडेचं बटण दाबलं. कुरकुर करत ट्रे अर्धाच बाहेर आला. त्यात हळद होती. हळदीवर कुंकू होतं, सात-आठ अक्षता होत्या, झेंडूची एक वाळलेली पाकळी होती, आणि जिथे बारीक भिंग असतं तिथे तुपाचा ओघळ थिजलेला होता.

सासूबाई दारात सूप घेऊन तांदूळ पाखडत होत्या. मी लॅपटॉप तसाच उचलून त्यांच्यापुढे नेला.

“आत्याबाई, हे काय?”

“काय म्हंजी? खंडेनवमीला पुजला न्हाई का? कोयता पुजला, विळा पुजला, ट्रॅक्टर पुजला. ह्ये बी तुझं हत्यारच की.”

“पण आत कशाला घातलं?”

“मी कुंकू लावाया गेले, तर माझा हात कुटं लागला कुनास ठाव. त्यानं हात म्होरं केला. म्होरं केल्याला हात मोकळा कसा ठिवायचा गं?”

पण माझं डोकं फिरलेलं होतं आणि ते फिरलं की मला लहानमोठं दिसत नाही. ‘तुमच्या त्या हळदीकुंकवात माझी बी.ए.ची तीन वर्षं बुडाली’ असं मी वाडीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. लॅपटॉप कुंकवाने बिघडलेला नव्हता, माझ्या गुरुवारच्या शहाणपणाने बिघडला होता, हे मला बोलतानाही कळत होतं. सासूबाईंचं सूप तेवढं जरा हळू चालायला लागलं. त्या दिवसाची मला अजून लाज वाटते.

कापसाने पुसलं, फुंकलं, दाभणाने एकेक अक्षत काढली, मग सीडी घातली. घर्र घर्र झालं, थांबलं, पुन्हा घर्र झालं. ट्रे बिघडला तो बिघडलाच.

शुक्रवारी सकाळच्या एसटीने पौडला गेले. दुकानदाराने लॅपटॉप चालू करून पाहिला, अजून पिवळाच असलेला ट्रे पाहिला, आणि दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनाही दाखवला. सगळे पोटभर हसले. मग म्हणाला, “ताई, ह्याचा ड्राइव्ह आता बाजारात न्हाई. फॉरमॅट करून देतो, पन आतलं समदं जाईल. तसं लिहून द्यावं लागंल.” मी म्हटलं, आतलंच तर पाहिजे. तो म्हणाला, मग पुण्याला पाठवू, पंधरा दिवस. माझ्याकडे तीन होते. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि बाहेर येऊन दिराला फोन लावला.

“सिंपल आहे वहिनी. फॉरमॅट मारायचा. डेटा डी ड्राइव्हला असेल तर सेफ आहे.”

“डेस्कटॉपवर आहे.”



“डेस्कटॉपवर कोण ठेवतं, वहिनी?”

“डोळ्यासमोर असावं म्हणून ठेवलं. कोयताही मी डोळ्यासमोरच ठेवते.”

“मग गेला समजा. या वीकेंडला ऑफिसात माझ्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, पुढच्या संडेला येऊन बघतो. तोपर्यंत तुम्ही उगाच हात लावू नका.”

दीर मनाने वाईट नाही. पण ‘तुम्ही उगाच हात लावू नका’ हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलं आहे. ट्रॅक्टरला हात लावू नका, मोटरच्या पेटीला लावू नका, बँकेच्या कागदांना लावू नका. एसटीत बसल्या बसल्या माझं ठरलं की याला हात मीच लावणार.

आमच्याकडे मोबाईलला धड रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी येते. शुक्रवारची अख्खी दुपार मी टाकीच्या कट्ट्यावर बसून व्हिडिओ पाहिले. बहुतेक हिंदीत, आणि निम्मा वेळ ‘बटण दाबा, बटण दाबा’ करण्यात घालवणारे. शेवटी एक मिशीवाले काका सापडले. ते एकेक गोष्ट सावकाश, दोनदा दाखवत होते. सीडी नसली तरी पेनड्राइव्हवरून नवी सिस्टीम टाकता येते, हे त्यांनी सांगितलं. आणि मग ते म्हणाले, टाकायच्या आधी, सिस्टीम बंद पडलेली असतानाही, आतली फाईल बाहेर काढता येते. तो व्हिडिओ मी अकरा वेळा पाहिला आणि किराणा सामानाच्या यादीमागे सगळ्या पायऱ्या उतरवून घेतल्या.

आता पेनड्राइव्ह पाहिजे होता. आमच्या घरात एकच होता, आणि तो ट्रॅक्टरमध्ये होता.

नवऱ्याने आधी ऐकूनच घेतलं नाही. “त्यात तीनशे गानी हायत.”

“पुन्हा भरा.”

“निम्मी आता कुटं मिळत न्हाईत. जुनी हायत.”

“माझी एकतीस नावं पण कुठं मिळत नाहीत,” मी म्हटलं. “सांगणारा माणूसही नाही.”

ते बाबा त्याच्याही ओळखीचे होते, आमच्याच लावणीला यायचे ते. नवरा उठला, ट्रॅक्टरवर चढला आणि पेनड्राइव्ह काढून माझ्या हातावर ठेवला. त्यानंतर महिनाभर त्याने गाण्याशिवाय नांगरलं, आणि ते तो रोज मला ऐकवायचा.

शनिवारी शाळा सकाळची असते. अकराला मुलं सुटल्यावर शाळेच्या बाईंनी मला शाळेचा नेट जोडलेला संगणक दिला. नव्या सिस्टीमची फाईल एवढी मोठी की उतरायला तीन तास लागले. बाई तोवर वह्या तपासत बसल्या. फाईल उतरल्यावर मी ती उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकली आणि ऐटीत घरी आले. लॅपटॉपला लावला. लॅपटॉपने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी ट्रेमध्ये घर्र घर्र केलं, मग तोच निळा पडदा.

यादी पुन्हा वाचली तेव्हा चूक कळली. मी गाणी भरतात तशी फाईल भरली होती. तसं चालत नाही. एका छोट्या सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर उलगडून बसवावी लागते, तेव्हा लॅपटॉप तिच्यावरून सुरू होतो. काकांनी हे दोनदा सांगितलं होतं आणि मी दोनदा लिहून घेतलं होतं. मी पुन्हा शाळेत गेले. बाई कुलूप लावतच होत्या. माझं तोंड पाहून त्यांनी कुलूप काढलं आणि म्हणाल्या, “परीक्षेत पुरवणी मागतात तसं मागा की, लाजता काय.” अर्ध्या तासात ते काम झालं.

रविवारी सकाळी ओटीवर चटई टाकून लॅपटॉप मांडला. आता एकच भीती होती, लाईटची. रविवारी लाईट जात नाही, पण सकाळी वाडीतल्या चार-पाच मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं. पंखा फिरायचा थांबतो. बिनबॅटरीचा लॅपटॉप तर त्याच्या आधी बंद पडेल, आणि सिस्टीम चढत असताना बंद पडला तर पुन्हा पहिल्यापासून सगळं. हे मी नवऱ्याला सांगत होते. सासूबाई चुलीपाशी होत्या. गुरुवारपासून आमचं बोलणं चहा-भाकरीपुरतंच होतं. त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि न सांगता बाहेर गेल्या.

पंधरा-वीस मिनिटांनी आल्या त्या उंबऱ्यावर बसल्या.

“सांगून आले समद्यांना. मी म्हनल्याबिगर कुनी मोटर लावायची न्हाई.”

“आत्याबाई, लोक ऐकतील?”

“का न्हाई ऐकनार? सुनेची परीक्षा हाय म्हनलं. आन् तुमच्याच शेतांची नावं हायत त्यात, गेली तर तुमचीच जात्यात.”

मी दोन वर्षं काय लिहिते आहे ते त्यांना माहीत असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला रडू आलं. “त्या दिवशी मी फार बोलले,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “बोललीस तर बोललीस. आता कर काय करायचं ते, लोक पान्याचे खोळंबल्यात.”

पेनड्राइव्ह लावला, लॅपटॉप चालू केला आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे एफ-बारा हे बटण टकटक टकटक दाबत राहिले. पहिल्यांदा उशीर झाला, निळा पडदा आला. दुसऱ्यांदा काळ्या पडद्यावर यादी आली: कशावरून सुरू करू? त्यात पेनड्राइव्ह तिसऱ्या ओळीवर होता. एंटर दाबलं. पडदा बदलला आणि भाषा निवडा म्हणाला. तीन दिवसांत पहिल्यांदा त्याने मला काही विचारलं.

इथे घाईने पुढे जायचं नव्हतं. शिफ्ट आणि एफ-दहा एकदम दाबलं, तशी एक काळी खिडकी उघडली. तिच्यात नोटपॅड असं टाईप केलं. नोटपॅड आलं. त्याच्या फाईलमध्ये जाऊन ओपन म्हटलं की अख्ख्या लॅपटॉपची कपाटं दिसतात. ही काकांची युक्ती. मी एकेक उघडत गेले. माझ्या नावाचं फोल्डर सापडलं, त्यात डेस्कटॉप सापडला. डेस्कटॉप उघडला तर आत काही नव्हतं. पांढरं, कोरं.

मी हात मांडीवर ठेवले. नवरा मागून वाकून बघत होता, तो म्हणाला, “गेलं का?” सासूबाई म्हणाल्या, “तू गप रं.” मला त्या क्षणी ते बाबा दिसले, बांधावर उभे, ‘लिव्ह नीट’ म्हणणारे. मला राग आला, स्वतःचाच. मग यादी घेतली आणि पहिल्यापासून बोट ठेवून वाचली. सातव्या पायरीवर लिहिलेलं होतं: खाली ‘ऑल फाईल्स’ करणे. नोटपॅड नुसत्या त्याच्या जातीच्या फाईली दाखवतं, बाकीच्या असूनही दाखवत नाही. खालचा बाण दाबला, ऑल फाईल्स केलं.

सगळं तिथेच होतं. मुलीचा दहावीचा फोटो, खताची यादी, आणि मधोमध माझा प्रकल्प.

कॉपी केलं, पेनड्राइव्हमध्ये पेस्ट केलं. लॅपटॉप बंद केला. नवरा ज्या छोट्या जोडाने मोबाईलमधली गाणी पेनड्राइव्हमध्ये भरतो, तो आणायला सांगितला, आणि पेनड्राइव्ह मोबाईलला लावून फाईल उघडली. बासष्ट पानं होती. मी शेवटच्या पानापर्यंत सरकवत नेली, नावं मोजली, एकशे तेरा भरली. मग पळत टाकीपाशी गेले आणि ती फाईल दिराला, शाळेच्या बाईंना, मुलीला आणि मलाच, सगळीकडे पाठवली. आता पुऱ्या तालुक्याची लाईट गेली असती तरी मला फिकीर नव्हती.

परत येऊन पेनड्राइव्ह लावला, पुन्हा टकटक केलं, आणि या वेळी पुढे-पुढे गेले. कोणत्या भागात टाकू असं विचारल्यावर जुना भाग पुसायला सांगितला. टक्के चढायला लागले. बाराला नळावरून कुणीतरी ओरडलं, “आक्का, किती येळ?” सासूबाई उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, “भात शिजतुया का बघू दे की जरा.” साठ टक्के, ऐंशी, मग दोनदा आपोआप बंद-चालू. मग रडका चेहरा न दाखवता लॅपटॉपने स्वच्छ निळं आकाश दाखवलं आणि माझं नाव विचारलं. मी ते मराठीत टाईप केलं.

सासूबाई उठल्या, अंगणाच्या कडेला गेल्या आणि हात वर करून ओरडल्या, “लावा गं मोटरी.” एकामागून एक मोटरी घुमायला लागल्या, पंखा मरगळला, आणि लॅपटॉप पटकन बंद पडला. आम्ही तिघंही हसत सुटलो. आता त्याला पडायचं तेवढं पडू दे.

संध्याकाळी दिराचा फोन आला. “वहिनी, फाईल आली. कसं केलंत?”

“हात लावून,” मी म्हटलं. तो मोकळेपणाने हसला आणि म्हणाला, त्याच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांना नोटपॅडची ती युक्ती माहीत नसेल. ते ऐकून मी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सोमवारी पौडला प्रिंट काढली, त्याच दुकानातून. दुकानदाराने विचारलं, डेटा मिळाला का. मी म्हटलं, लिहून देऊ का? मग पुण्याला परीक्षेच्या केंद्रावर गेले. तोंडी परीक्षा घेणाऱ्या मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. दिवसभर पर्यावरण ऐकून कंटाळलेल्या दिसत होत्या. त्यांनी पानं चाळली, मध्येच थांबल्या, चष्मा सारखा केला.

“ही नावं सातबाऱ्यावर आहेत का?”

“नाहीत मॅडम. तिथे गट नंबर असतो.”

“मग गॅझेटियरमध्ये, एखाद्या पुस्तकात?”

“नाही.”

“मग ही लिहिलेली आहेत कुठे?”

“तुमच्या हातात आहेत,” मी म्हटलं. “दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाहीत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पान मागे उलटलं, डोंगरावरच्या पाड्याचं प्रकरण काढलं, आणि त्या बाबांची एकतीस नावं वर्गात हजेरी घेतात तशी मोठ्याने, एकेक करून वाचायला लागल्या. मी टेबलापुढे उभी होते. दर नावाला मी मनातल्या मनात ‘हजर’ म्हणत होते.